दोन नावांची आई

सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला नोंदवायचा, आणि मधल्या वेळात साहेबांनी स्वतःच हरवलेला शोधून द्यायचा. माझ्या हातून एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही, असं मी छाती ठोकून सांगायची. हल्ली नाही सांगत. कारण अख्ख्या जन्मात मी एकच फॉर्म चुकीचा भरला, आणि त्यापायी माझी लेक, जावई आणि नातू परक्या देशात अडकून बसले. त्यांना सोडवून आणायला एक खासदार, एक आमदार आणि पंचवटीतले एक गुरुजी कामाला लावावे लागले.

चुकीचं मूळ मात्र फॉर्मच्याही आधीचं, लेकीच्या लग्नातलं. लेक नाशकात वाढलेली, सासर नामपूरचं. व्याही कांद्याचे व्यापारी, जावई इंजिनियर. माणसं इतकी साधी की विहीणबाईंनी स्वतःहून सांगितलं, "नाव बदलायचं काही अडलं नाही. पोरीचं आहे तेच चांगलं आहे." दुसऱ्या कुठल्याही आईने देवापुढे साखर ठेवली असती. मी अडून बसले. "छे छे! माझ्या सासूचं बदललं, माझं बदललं, हिचंही बदलणार. पद्धत म्हणून काही असते की नाही?" नवं नावसुद्धा मीच शोधलं, तेही मोठ्या हौसेने.

लेकीचा पारा चढला. "आई, मी काय भाड्याची खोली आहे का, बिऱ्हाड बदललं की दारावरची पाटी बदलायला?" मी शालूच्या आडून तिला चिमटा काढला. ताटात तांदूळ पसरले, जावयाने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत माझी लेक कुणीतरी पर्स मारल्यासारखी बघते आहे.

मग जोडीला गंगेवर नेलं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. आमचं मूळ गावही नामपूरसारखं बागलाणातलंच, त्यामुळे आमचे आणि व्याह्यांचे उपाध्ये एकच. या गुरुजींच्या घरी पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या घरांतलं कोण कधी गंगेवर आलं, कुणाबरोबर, कशासाठी, सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली येणाऱ्याची सही घेतात. त्या दिवशी वही लिहिताना लेक गुरुजींशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. मी पायऱ्यांवर ओटीचं सामान आवरत होते, नीट ऐकू आलं नाही. दुरूनच डोळे वटारले. घरी आल्यावर, "चारचौघांत तोंड चालवायची गरज होती का?" म्हणून तिची चांगली खरडपट्टी काढली. नामपूरच्या ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद नव्या नावाने झाली, त्यावरून पासपोर्ट नव्या नावाचा निघाला, आणि विषय मिटला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. नातू झाला. हॉस्पिटलातल्या बाईंनी जन्माच्या नोंदीचा फॉर्म पुढे केला. कुणी म्हणालं, हिलाच द्या, हिला सवय आहे. माझा ऊर आनंदाने भरून आलेला. 'आईचे नाव' या रकान्यात मी सव्वीस वर्षं जिला हाका मारल्या तिचं नाव सुंदर अक्षरात लिहून टाकलं. जुनं नाव! ज्या नावासाठी मी लग्नात अडून बसले, ते माझ्या स्वतःच्याच जिभेवर कधी बसलं नव्हतं. सही ठोकली आणि पेढे वाटायला गेले. त्याच दाखल्यावर नातवाचा पासपोर्ट निघाला. तेव्हाही कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढे जावयाला आखातात नोकरी लागली आणि तिघं तिकडे गेली. पाच वर्षं छान चाललं. मग कंपनी बुडाली, मालक रातोरात पसार झाला. त्या देशाचा कायदा असा की नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाने सही दिल्याशिवाय परदेशी माणसाला देश सोडता येत नाही. आता मालकच नाही तर सही कुणाची? सरकारने कंपनीवर खटला भरला आणि खटला संपेपर्यंत सगळ्या नोकरांना तिथेच थांबवलं. जावई एका ओळखीच्या माणसाच्या दुकानात बसून दिवस ढकलत होता. तिथे राहायचा परवाना संपला म्हणून नातवाची शाळा सुटली. लेक त्याला घरीच शिकवायला लागली, आणि तिने काय शिकवलं तर मराठी बाराखडी. व्हिडिओ कॉलवर तो मला 'क का कि की' म्हणून दाखवायचा. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे प्रत्येक अक्षरातून वारा सुटायचा. मी इकडे हसायची आणि फोन ठेवला की पदर डोळ्यांना लावायची.

रडून भागत नाही हे मात्र मला कचेरीने शिकवलंय. कागद हलवायचा असेल तर कागदाच्या मागे माणूस लागतं. मी अर्ज लिहिला, तीन प्रती काढल्या आणि खासदारांच्या ऑफिसात गेले.

तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, ठेवून जा. साहेब दिल्लीला आहेत."

"ठेवते की. पोच दे."

"पोच कशाला? आम्ही आहोत ना."

"तू आहेस रे बाबा, पण उद्या तू नसलास तर? शिक्का मार, तारीख टाक, आवक नंबर घाल."

त्यांच्याकडे आवक रजिस्टरच नव्हतं! मी समोरच्या दुकानातून वही आणली, रकाने आखून दिले आणि पहिला नंबर माझ्या अर्जाचा घातला. दर सोमवारी मी जायची. चौथ्या सोमवारी खुद्द खासदारच समोर आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमच्या भीतीने माझी माणसं सोमवारी रजा मागायला लागलीत. बसा, मला सगळं सांगा." माणूस भला निघाला. पुढच्याच अधिवेशनात त्यांनी संसदेत प्रश्न विचारला. त्या देशाच्या राजदूताला भेटले. परराष्ट्र खात्याला पत्रांवर पत्रं पाठवली.

दरम्यान मी आमदारांकडेही गेले. ते विरुद्ध पक्षाचे. दोघांचा छत्तीसचा आकडा अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. आमदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुम्ही तर तिकडे गेल्या होत्या म्हणे. मग आमच्याकडे कशाला?"

"भाऊ, दुखणं मोठं असलं की दोन डॉक्टरांना दाखवतात. आणि माझ्या लेकीला तिकडे कुणी पक्ष विचारत नाहीये."

ते मोठ्याने हसले आणि कामाला लागले. विधानसभेत विषय काढला, दिल्लीला त्यांच्या पक्षाच्या मोठ्या माणसांमार्फत जोर लावला. पण दोघांनी मिळून एका पत्रावर सही करावी म्हटलं तर दोघांचीही तोंडं वाकडी. पेपरात एकदा यांचा फोटो, एकदा त्यांचा. दोघांच्या पत्रांत 'माझ्या पाठपुराव्यामुळे' हे शब्द हमखास. मी म्हटलं, फोटो हवे तेवढे छापा, माझी माणसं आणा.

आणि खरंच एक दिवस उत्तर आलं. तिथलं सरकार कुटुंब असलेल्यांना खास बाब म्हणून सोडायला तयार झालं होतं. मी देवापुढे दिवा लावून साखर ठेवते न ठेवते तोच जावयाचा फोन आला. त्याचा आवाजच सांगत होता. मुलाला देशाबाहेर न्यायला आई आणि वडील दोघांची संमती लागते. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या पासपोर्टवर दुसरं. अधिकारी म्हणाला, ही या मुलाची आई नाही. खरी आई आणा, तिची सही आणा, तोवर मुलगा इथून हलणार नाही.

तेवढ्यात नातवाने फोन हिसकावला. "आजी, ते काका म्हणतात माझी खरी आई दुसरीच आहे. ती तुझ्याकडे आहे का?"

काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. जगात कुणीही ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. इथे ते अक्षर माझं होतं, सही माझी होती. आमचे 'हे' तसे मितभाषी. त्यांनी चहा करून समोर ठेवला आणि म्हणाले, "चूक झाली ना? झाली. आता कागद शोध. तुला दुसरं येतंय काय?" एरवी या बोलण्यावर मी भांडले असते. त्या दिवशी मुकाट्याने चहा प्यायले.

दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं. तिकडून ते परत आलं. आज केलेला कागद चालणार नाही, लग्नाच्या वेळचा हवा, दोन्ही नावं असलेला. मी पत्र्याची ट्रंक उपसली. लग्नपत्रिकेत फक्त जुनं नाव. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात फक्त नवं. तांदळाच्या ताटाचा फोटो सापडला, तर त्यात नाव कमी आणि फोटोग्राफरचा अंगठा जास्त. तीन दिवसांत मी घरातला कागद न् कागद चाळला आणि हात टेकले.

तेव्हा नामपूरहून विहीणबाईंचा फोन आला. घाबरल्या की त्या थेट अहिराणीवर येतात. "गंगावरना गुरुजीनी वही देखी का तुम्ही?"

गंगेवरच्या गुरुजींची वही! मी कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं रजिस्टरं सांभाळली आणि शहरातलं सगळ्यात जुनं रजिस्टर विसरले!

तशीच रिक्षा केली. कुंभमेळ्याच्या कामांसाठी पंचवटीत सगळीकडे खणून ठेवलेलं, रिक्षावाल्याने लांबच उतरवलं. चिखल तुडवत गुरुजींच्या दारात पोचले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण गाव आणि आडनाव सांगताच बरोबर वही काढली, बोटाने पानं उलटली आणि थांबले. "ही घ्या."

व्याह्यांच्या घराचं पान. जावयाचं नाव, लग्न करून जोडीने आल्याची तिथी, तारीख. पुढे लेकीचं सासरचं नाव, त्याला लागूनच माहेरचं नाव, आमची कन्या म्हणून यांचं नाव, आणि खाली लेकीची सही. एक नाही, दोन. एक नव्या नावाची आणि शेजारी, जरा जास्तच ठळक, जुन्या नावाची.

गुरुजी हसायला लागले. "मला चांगलं आठवतंय. मी नवंच नाव लिहीत होतो. मुलगी म्हणाली, गुरुजी, ही वही शंभर वर्षांनी कुणी उघडली तर मी सापडायला नको का? दोन्ही लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. मला पटलं. लिहिलं."

म्हणजे ती हुज्जत ही होती. आणि त्याबद्दल मी तिला झाडलं होतं. मी त्या पानावर हात ठेवून तिथेच रडले, पण हे रडणं वेगळं होतं. गुरुजींनी आतून पाणी मागवलं आणि म्हणाले, "बाई, पान भिजेल. पुसा आधी डोळे."

पानाचा फोटो काढून पाठवला. त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाने कळवलं, फोटो चालणार नाही. मूळ वही पाठवा, नाहीतर ती स्वतः डोळ्यांनी पाहिल्याचं लोकप्रतिनिधींनी लेखी द्यावं. वही पाठवा म्हटल्यावर गुरुजी ताडकन म्हणाले, "राजा आला तरी वही उंबरा ओलांडत नाही." मग काय! मी दोन्हीकडे फोन केले आणि दोघांनाही एकच वेळ दिली. दुसरा येणार आहे हे कुणालाच सांगितलं नाही. चूक की बरोबर, देव जाणे.

आमदार आधी पोचले. खासदारांची गाडी खणलेल्या रस्त्यात अडकली, ते चिखलाच्या बुटांनी चालत आले आणि दारात एकमेकांना बघून दोघांचे चेहरे असे झाले की मला तोंडाला पदर लावावा लागला. गुरुजींना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. "पायातलं बाहेर काढा. खाली बसा. वही मांडीवर घेऊ नका." दोघे गुपचूप चटईवर शेजारी शेजारी बसले.

लेकीचं पान दोघांनी पाहिलं. मग गुरुजींनी सहज आमदारांना गाव विचारलं आणि दुसरी वही काढली. आमदारांच्या आजोबांचा अंगठा निघाला. निळ्या शाईतला, अर्धवट पुसलेला. आईच्या अस्थी घेऊन आले होते, एकटेच. एवढा दांडगा गडी, पण त्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघत राहिला. खासदार जरा वेळाने हळूच म्हणाले, "गुरुजी, आमची वही कुणाकडे असेल हो?"

"तुमचे उपाध्ये पलीकडच्या गल्लीत. जाऊन या कधीतरी. माणूस निवडणुकीपुरता नसतो."

पत्र एकच निघालं. पहिली सही कुणाची, यावर गाडी अडणार असं वाटत होतं, तर गुरुजींनीच निकाल दिला, "आमच्याकडे जो आधी आला तो आधी लिहितो." आमदारांनी सही केली, मग खासदारांनी. 'माझ्या पाठपुराव्यामुळे' कुठेच नव्हतं. पोच घ्यायचं माझं धाडस झालं नाही, असं आमच्या यांनी सगळ्यांना सांगितलंय. खोटं आहे. मी घेतली.

ते पत्र घेऊन खासदार दिल्लीत राजदूताच्या खनपटीला बसले, आणि आमदार रोज फोन करून खासदारांच्या. दहाव्या दिवशी जावयाचा मेसेज आला, तिघांच्या तिकिटांचा फोटो. खाली लेकीने लिहिलं होतं, 'मुलाच्या दोन्ही आया येत आहेत.'

मुंबईहून गाडी दारात आली तेव्हा मी भाकरतुकडा हातात घेऊन उभी होते. ओवाळायचं राहिलंच. नातू गाडीतून उडी मारून कमरेला येऊन बिलगला, भाकरी खाली, पाणी साडीवर. नामपूरहून आलेल्या विहीणबाई हसतही होत्या आणि रडतही होत्या. लेक बारीक झाली होती. मी तिला धरलं आणि सरळ बोलले, "चुकलं गं माझं. फॉर्मचंही आणि त्याच्या आधीचंही."

ती म्हणाली, "माहीत आहे. आधी पिठलं-भात वाढ."

चार दिवसांनी सगळे गंगेवर गेलो. गुरुजींनी नातवाची नोंद केली, 'परदेशातून सुखरूप, आईवडिलांसह.' लेकीने विचारलं, "गुरुजी, माझ्या आईची नोंद असेल ना? तिच्या लग्नाच्या वेळची?"

गुरुजींनी आमच्या घराची वही काढली. चाळीस वर्षांपूर्वीचं पान. यांचं नाव, पुढे 'पत्नी' आणि मला सगळं जग ज्या नावाने ओळखतं ते सासरचं नाव. बास. माझी सही नाही. माहेरचं नाव नाही.

"इथे आईचं आधीचं नाव लिहा," लेक म्हणाली.

"अगं, आता कशाला?" मी म्हटलं. "साठी उलटली. आईवडील गेले, भाऊ ताई म्हणतो. त्या नावाने हाक मारणारं आहे कोण?"

तेवढ्यात 'हे' पुढे झाले. "लिहा गुरुजी," म्हणाले, आणि त्यांनी ते नाव सांगितलं. चाळीस वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, हे ते केव्हाच विसरले असतील.

गुरुजींनी लिहिलं, पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. इतक्या वर्षांनी हात अडखळेल असं वाटलं होतं, पण शाळेतली सही जशीच्या तशी आली. नातू वाकून एकेक अक्षर जोडून वाचत होता. वाचून झालं तसा पायऱ्यांवरून धावत खाली गेला, पाण्याच्या काठाशी थांबला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी त्या नावाने हाक मारली.

कुणाला बोलावतोय म्हणून मी आधी मागे वळून पाहिलं. मग मी ओ दिली.